पालातले मुक्काम

आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी बोलायला आलोय. खरं तर एकीनंच बोलायचं ठरलं होतं. पण थोरलीला माइक पुढं आला की घाम फुटतो आणि धाकटीला सगळं आठवत नाही, म्हणून रेडिओवाल्या ताई म्हणाल्या, दोघी बसा. तेव्हा आता कोण बोलतंय ते ओळखत बसू नका. आम्ही दोघी मिळून बोलतोय.

आम्हाला विषय दिला होता सहलीचा. घरच्या सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं, उघड्यावर तंबू ठोकून राहायचं, आणि त्याच्या आठवणी. आम्ही ताईंना म्हटलं, अहो आमच्यासारख्या बायका कधी गेल्या सहलीला? शाळेत असताना एकदा प्रतापगड पाहिला, तेवढंच. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा कळलं, की आमच्या माणदेशात उघड्यावर राहिलं नाही असं घरच सापडायचं नाही. आम्ही त्याला तंबू म्हणत नाही. पाल म्हणतो.

मागच्या दिवाळीतली गोष्ट. आमचा मुलगा पुण्याकडं चाकणला कंपनीत आहे. तो भाऊबीजेला आला आणि म्हणाला, सगळ्यांनी बामणोलीला जायचं, मी बुकिंग केलंय. बामणोली म्हणजे साताऱ्याच्या पुढं, कासच्या पठारावरून खाली उतरलं की कोयनेच्या शिवसागराच्या काठावरचं गाव. तिथं काठाला रंगीत तंबू लावून देतात. रात्री शेकोटी, जेवण, सकाळी पोहे आणि बोटीतून फेरी. माणशी पैसे. किती ते त्यानं आधी सांगितलं नाही, आणि बरं केलं.

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी हातातली शेंग तशीच ठेवली आणि म्हणाल्या, "पैसं दिऊन पालात निजायचं? येड लागलंय का तुमास्नी? न्हाई निजले व्हय मी पालात?"

पोरगा हसायला लागला. म्हणाला, "आजी, तू यात्रेच्या गोष्टी सांगतीस की. तसंच असतंय."

"यात्रेचं येगळं," म्हणून आत्या पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

तर आधी यात्रेचं सांगतो, कारण आमच्या घरातल्या सगळ्या पोरांना ते पाठ आहे.

आत्यांचं माहेर सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, म्हसवडच्या बाजूला. नकाशावर मध्ये जिल्ह्याची रेघ आहे, पण माणगंगा दोन्हीकडची एकच आणि खडकही एकच. राजेवाडीचा इंग्रजांच्या काळातला तलाव आहे ना, तो या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरच आहे. आत्या लहान असताना त्यांच्या घरची बैलगाडी दर वर्षी खरसुंडीच्या सिद्धनाथाला जायची. चैत्रात सासनकाठ्यांची यात्रा, पौषात खिलार जनावरांचा बाजार. आत्यांचे वडील पौषात न्यायचे, कारण त्यांना बैल बघायचा नाद. विकत घ्यायचा असो वा नसो, हिंडून दात बघायचे, खांदा बघायचा, शेपटी बघायची.

निघायच्या आदल्या दिवशी गाडीच्या आखाला वंगण, जुवाच्या शिवळा तपासायच्या, बैलांना अंघोळ, शिंगांना रंग. गाडीत खाली कडब्याच्या पेंढ्या, त्यावर घोंगडी. पेंढ्या वाटेत बैलांना खायला आणि तोवर पोरांना बसायला. म्हणजे जाताना बसायला मऊ आणि येताना गाडीची फळी टोचायची, असं आत्या सांगतात. बरोबर भाजरी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तव्यावर भाजलेला कांदा. आणि गंमत म्हणजे पाटा-वरवंटा. आत्यांची आई पाटा-वरवंटा गाडीत घालून न्यायची. देवाला पुरणपोळीचा निवद लागतो, आणि पुरण दुसऱ्याच्या पाट्यावर वाटलेलं तिला चालायचं नाही! गाडीवान म्हणायचा, "वयनी, बैलांस्नी इचारा की जरा." पण पाटा उतरायचा नाही.

तिथं पोचलं की झाड बघून गाडी सोडायची. गाडीची जोखडं वर करून टेकू लावायचा आणि त्यावर लुगडं नाहीतर वाकळ टाकली की झालं पाल. बायका-पोरं पालात, गडीमाणसं गाडीखाली. तीन दगडांची चूल. रात्री थंडी अशी की सकाळी घागरीतल्या पाण्याला हात लावायची भीती. आजूबाजूला शेकडो गाड्या, आणि रात्री कुठंही जाग आली तरी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. लांब तमाशाच्या कनातीतून ढोलकी ऐकू यायची. पोरींना तिकडं जायला बंदी. मग आत्या आणि त्यांची चुलतबहीण पालाला भोक पाडून बघायच्या, आणि तिथून काय दिसायचं, तर दुसऱ्याचं पाल.

ही सगळी गोष्ट आमच्या पोरांनी शंभरदा ऐकलीय. पाट्याची जागा आली की ती आधीच हसायला लागायची. आम्हालाही ती इतकी पाठ, की खरसुंडीला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा झाड शोधत होतो, आत्यांचं झाड. ते नव्हतं. दुकानं होती. आता यात्रेला लोक टेम्पोनं, मोटारसायकलीनं जातात, दर्शन घेतात, भेळ खातात आणि संध्याकाळी घरी. शिंगणापूरला मात्र चैत्रात लांबलांबून कावडी येतात, मुंगी घाटानं चढतात, ती माणसं अजून मुक्काम करत येतात. त्यांना बघितलं की आत्या थांबून हात जोडतात. कावडीला तर जोडतातच, पण आम्हाला वाटतं त्या पालांनाही जोडत असतील.

आत्यांच्या गोष्टी एका ठिकाणी येऊन थांबायच्या. "मग पुढच्या वर्षी?" असं पोरांनी विचारलं की म्हणायच्या, "पुढच्या वर्षी न्हाई गेलो." बस. आम्हीही कधी विचारलं नाही का नाही गेलात. त्याकडं नंतर येतो.

दुसरं पाल आमचं. छावणीचं.

२०१२ साली आपल्याकडं काय झालं ते ऐकणाऱ्यांना नव्यानं सांगायला नको, पण शहरातल्या मैत्रिणी मासिक वाचतात म्हणून सांगतो. दोन वर्षं पाऊस धड नाही. विहिरीला पाणी नाही, कडबा संपला, ज्वारीच झाली नाही तर कडबा कुठला? अशा वेळी शेतकऱ्यापुढं दोन वाटा. जनावर बाजाराला न्यायचं, तर सगळेच न्यायला लागलेले, त्यामुळं चाळीस हजाराची गाय पंधराला मागतात. आणि पाऊस पडला की तीच गाय घ्यायला पन्नास हजार लागतात, ते आणायचे कुठून? म्हणून दुसरी वाट, जनावरं जगवायची. त्यासाठी चारा छावण्या निघाल्या. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं मोठी छावणी काढली, ती दीडेक वर्ष चालली. आणखीही ठिकठिकाणी होत्या. नियम असा की छावणीत चारा-पाणी मिळणार, पण जनावराची राखण ज्याची त्यानं करायची. म्हणजे जनावराबरोबर माणसानंही तिथंच राहायचं. हजारो जनावरं आणि त्यांच्याबरोबर त्यांची घरं, उन्हातान्हात, उघड्या माळावर.

आमची आठ जनावरं. दोन खिलार बैल, तीन गाया, एक म्हैस, दोन कालवडी. आमच्यातली एक घरी राहिली, कारण मामांना, म्हणजे सासऱ्यांना, अर्धांगवायू झालेला. त्यांना सोडून कुठं जाणार? दोघा भावांपैकी एक कुपवाडला कारखान्यात कामाला गेला, दुसरा गावात राहून टँकरच्या मागं पळत होता. छावणीत गेल्या आत्या, आमच्यातली दुसरी, आणि दोन पोरं. थोरली मुलगी नववीत, वय चौदा. मुलगा पाचवीत. ही पोरं आमच्यापैकी कुणाच्या पोटची ते सांगत नाही. आमच्या घरात तसा हिशोब कुणी ठेवला नाही, आणि आज जे सांगणार आहोत त्यातही तो ठेवायचा नाही असं आम्ही दोघींनी ठरवलंय.

पाल कसं केलं? चार बांबू, वरून शेडनेट, बाजूनं जुन्या साड्या. एका बाजूला जनावरांची दावण, मध्ये एक फळकूट, इकडं आम्ही. रात्री म्हैस हलली तर पाल हलायचं. चारा म्हणजे बहुतेक ऊस आणि उसाचं वाढं, ट्रकनं यायचं. रांगेत उभं राहायचं, वजन करून घ्यायचं, डोक्यावरून आणायचं, कोयत्यानं बारीक करायचं. नुसता ऊस खाऊन जनावरांच्या तोंडाला फोड यायचे. पाण्याच्या टाकीवर दिवसातून दहा खेपा. मे महिन्यात साडीच्या भिंतीतून वारा यायचा तो भट्टीतून आल्यासारखा. अंघोळीला आडोसा म्हणजे अंधार. पहाटे चारला उठून आवरायचं, नाहीतर रात्रीपर्यंत थांबायचं. बायकांचे हाल बायकांनाच माहीत.

पण खोटं का बोला, चांगलंही होतं. रात्री जेवणं झाली की सगळ्या बायका बाहेर. घरी असताना सासू, दीर, शेजारी, सगळ्यांच्या नजरेतून चालायचं. इथं ना उंबरा, ना परसू. सासवा पण आमच्यातच येऊन बसायच्या. जात्यावरच्या ओव्या निघायच्या, जातं नसताना. रेडिओच्या ताई येऊन रेकॉर्ड करून न्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आपलाच आवाज मोबाइलवर ऐकून बायका पदर तोंडाला लावायच्या. आमच्या शेजारचं पाल ज्यांचं होतं, त्यांच्या घरी गावात आम्ही कधी पाणी प्यायलो नव्हतो. का नव्हतो ते तुम्हाला कळतंय. छावणीत आमची घागर रिकामी झाली की त्यांचीच. त्यांच्या म्हाताऱ्या आई आमच्या कालवडीला रात्री उठून पाणी पाजायच्या. पुढं पाऊस पडला, सगळे गावी गेलो, आणि खरं सांगायचं तर ते पहिल्यासारखं राहिलं नाही. रस्त्यात भेटलं की बोलणं होतं, हळदी-कुंकवाला आम्ही बोलावतो, त्या येतातही. पण छावणीत जसं न विचारता घागरीत हात घालायचो, तसं नाही.

आता जी गोष्ट सांगायला आम्ही आज आलो ती.

दिवाळीच्या आसपास आत्यांना बैलानं ढकललं. चारा टाकत होत्या, बैलानं मान फिरवली, आत्या पडल्या आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर. आता आठ जनावरं आणि एक बाई. त्या रात्री आमची एक जाऊ गावाहून आली, दुसरी छावणीतच होती. पालाच्या बाहेर बसून आम्ही दोघींनी ठरवलं, की थोरलीला चार दिवस शाळेतून काढायची. चार दिवस. प्लॅस्टर निघेपर्यंत सहा आठवडे झाले. मग आत्यांच्या हातात जोर नव्हता. मग परीक्षा बुडाली. मग उन्हाळा आला. धाकट्याला मात्र शाळा चालू, कारण तो लहान, त्याचा कामाला उपयोग नाही. थोरलीच त्याला सकाळी शाळेपर्यंत सोडायला जायची.

जूनमध्ये ती पुन्हा नववीत बसायला तयार नव्हती. तिच्याबरोबरच्या दहावीत गेलेल्या, ती मागच्या पोरींत कशी बसणार? आम्ही म्हटलं, राहू दे. एवढंच म्हटलं. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. घरात काम होतंच. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून दिलं. जावई चांगले आहेत, विट्याला असतात. सहा वर्षांचा मुलगा आहे. दिवाळीला येते, सगळ्यांसाठी भांडून फराळ करते, हसती-खेळती. आम्हाला वाटायचं, विसरली.

२०१९ ला पुन्हा छावणी लागली. तेव्हा एका शेतकऱ्याची पाचच मोठी जनावरं घ्यायचे, जनावरामागं १५ किलो चारा, कानाला बिल्ला. आम्ही पुन्हा गेलो, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. तेच ऊन, तेच वाढं. या वेळी पोरं बरोबर नव्हती इतकंच.

तर बामणोली. आत्या नको नको म्हणत शेवटी गाडीत बसल्या. थोरली आणि तिचा मुलगाही आले. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, कासला फुलं संपली होती, नुसतं वाळकं गवत, तरी नातवानं वीस फोटो काढले. खाली उतरलो आणि ते पाणी दिसलं. मैत्रिणींनो, आम्ही माणदेशातल्या बायका. एवढं पाणी एका जागी बघितलं की आम्हाला आधी आनंद होत नाही, राग येतो. आत्या काठावर उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्ये कुणाचं?"

तंबूवाले दादा तिथलेच. त्यांनी सांगितलं, धरण झालं तेव्हा त्यांच्या पै-पाहुण्यांची गावं या पाण्याखाली गेली. काही लोकांना सांगली-सोलापूरकडं जमिनी दिल्या, काही वर डोंगरात सरकले. आणि पोरानं आजीला समजावलं, की हीच कोयना कराडला कृष्णेला मिळते, तिथून खाली टेंभूला पाणी उचलतात आणि तेच चढवत चढवत आटपाडीपर्यंत नेतात. म्हणजे तुझ्या माहेरात आता जे पाणी येतंय, त्यात हे पण आहे. आत्यांनी खाली वाकून पाण्यात हात बुडवला आणि डोळ्याला लावला. मग तंबूवाल्या दादांना म्हणाल्या, "लई मोठं देणं हाय तुमचं आमच्यावर." त्या दादांना काय बोलावं कळेना. चहा घेऊन आले.

तंबू म्हणाल तर झकास. आत गादी, उशी, चार्जिंगला वायर, चेन ओढली की दार बंद. आत्यांनी चेन दोनदा उघडली-लावली. "जनावर कुठं बांधायचं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळे हसलो.

रात्री शेकोटी. नातू म्हणाला, प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची. आत्यांनी पाटा-वरवंट्याची सांगितली. मग मुलाची पाळी आली. तो म्हणाला, "माझ्या आयुष्यातले सगळ्यात भारी दिवस म्हणजे छावणी." आम्ही दोघी त्याच्याकडं बघायला लागलो. तो सांगत होता. रोज ऊस खायचा. कालवडीच्या पोटाला टेकून झोपायचो. शंभर पोरं खेळायला. रात्री गाणी. आजीच्या प्लॅस्टरवर आम्ही पेननं चित्रं काढली. आई सारखी जवळ होती, घरी कधी नसायची इतकी. "मला वाटायचं, पाऊस पडूच नये." म्हणून तर त्यानं हे बुकिंग केलं होतं. पुन्हा सगळ्यांनी एका पालात झोपावं म्हणून.

आम्हाला त्याचा राग आला नाही. दहा वर्षांचं पोर ते. त्याला ऊन लागू नये म्हणूनच तर आम्ही सगळं केलं. लागलं नाही, हे आता कळलं.

मग थोरली बोलली. आवाज चढवून नाही, शेकोटीत काटकी सारत. म्हणाली, "तुला शाळेत सोडायला कोण यायचं?"

"तू."

"तुला सोडून मी कुठनं परत यायची, ठावं हाय?"

त्याला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. ती सरळ छावणीत यायची नाही. हायस्कूलच्या मागच्या भिंतीकडून वळसा घालून यायची. तिथं नववीच्या वर्गाची खिडकी. प्रार्थना संपून हजेरी सुरू व्हायची, तिचा हजेरी नंबर सतरा होता. सोळा नंबरची पोरगी "हजर" म्हणायची, मग सर अठरा नंबर घ्यायचे. ती तेवढं ऐकायची आणि चाऱ्याच्या रांगेला पळत यायची. किती तरी दिवस. "मला वाटायचं, एखाद्या दिवशी चुकून सतरा म्हणतील."

कुणी काही बोललं नाही. नातवाला कळलं नाही, त्यानं विचारलं, "मग म्हणाले का?"

आमच्यातली एक उठून तंबूत गेली. दुसरी तिथंच बसली, पण बसून काय, तोंडातून शब्द नाही. आत्याच बोलल्या. आधी म्हणाल्या, "माझ्या मनगटापायी." थोरली म्हणाली, "न्हाई आजी, तुझं काय?" मग आत्यांनी ती पुढच्या वर्षीची गोष्ट सांगितली, जी पन्नास वर्षांत कुणाला सांगितली नव्हती.

पुढचं वर्ष म्हणजे ७२ चं. दुष्काळात वडिलांनी दोन्ही बैल विकले. खरसुंडीच्या बाजारात नाही, वाटेवरच कुणाला तरी, मिळेल त्या पैशाला. गाडी दारात उभी राहिली आणि पुढं तिची लाकडं सरपणाला गेली. आत्या तेव्हा तिसरीत होत्या, अकरा वर्षांच्या. शाळेत उशिरा घातलेल्या. आईबरोबर दुष्काळी कामावर गेल्या, रस्त्याच्या खडीवर. लांबच्या कामावर तिथंच पाल टाकून राहायचं. सुकडी मिळायची, मिलोच्या तांबड्या भाकरी. खडी फोडायला आईला घरातला वरवंटा न्यावासा वाटला नाही, पण पाटा मात्र कुणाला तरी ज्वारीच्या बदल्यात दिला. म्हणजे बघा, ज्या पाट्याला आम्ही इतकी वर्षं हसत होतो, तो असा गेला होता. आत्यांचं शाळेचं दप्तर कुठं गेलं, ते त्यांना आठवत नाही. "त्या पालाची आठवण काडू ने म्हनून मी यात्रंचं सांगत हुते," म्हणाल्या.

त्या रात्री आम्ही चौघी, आत्या, आम्ही दोघी आणि थोरली, एकाच तंबूत झोपलो. चौघींना तो लहान होता. आम्ही तिची माफी मागितली का? मागितली. तंबूत, अंधारात, तोंड दिसत नसताना. ती म्हणाली, "आता काय त्याचं." पण हात सोडला नाही तिनं.

सकाळी पोहे खाताना मुलगा गप्प होता. त्यानंच बोटीत विषय काढला. म्हणाला, "ताई, सतरा नंबर फॉर्म असतोय." आम्हाला वाटलं हजेरी नंबरावरून चेष्टा करतोय. पण खरंच तसं नाव आहे. शाळा सुटलेल्यांना दहावीला बाहेरून बसता येतं, त्याला १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. त्याच्या कंपनीतल्या एकानं तसा भरला होता. ऐकणाऱ्या मैत्रिणींपैकी कुणाची शाळा अशी अर्ध्यावर सुटली असेल तर नीट ऐका, म्हणून सांगतो. बोर्डाच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज भरायचा. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो नसेल तर प्रतिज्ञापत्र, आधार कार्ड आणि फोटो. जवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, कागद तिथं जमा करायचे. साधारण पावसाळ्यात मुदत असते, उशीर झाला तर जास्तीचे पैसे पडतात. वयाची आडकाठी नाही. आम्ही हे चौकशी करून आलोय.

थोरलीनं लगेच हो म्हटलं नाही. विट्याला जाऊन बरेच महिने काहीच बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही, एकदा ठरवून बसलो होतो तिच्या वतीनं, पुन्हा नको. मग मे महिन्यात तिचा फोन आला, की जुन्या शाळेतून दाखला काढायचाय, तुम्ही जाल का? आम्ही दोघी गेलो. कारकून दादांनी जुनं रजिस्टर काढलं. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, "सतत गैरहजर." थोरली म्हणाली, असू दे, खरंच आहे ते. आम्ही मात्र घरी येईपर्यंत एकमेकींशी बोललो नाही.

ऑगस्टात तिनं फॉर्म भरला. विज्ञान बरं चाललंय म्हणते. गणिताला भाऊ व्हिडिओ कॉलवर शिकवतो, आणि शिकवता शिकवता ओरडतो, मग ती फोन बंद करते, मग तो पुन्हा लावतो. इंग्रजीची धास्ती आहे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. तेवढे दिवस नातू आमच्याकडं राहणार. त्यानं आत्तापासून सांगून ठेवलंय, की घरात झोपणार नाही, अंगणात पाल पाहिजे. आत्यांनी छावणीतले चार बांबू माळ्यावरून काढायला लावलेत. त्यातला एक किडलाय. तो बदलायला हवा.